सखारामच्या नावाची बुडी

ब्रह्मदेशाच्या हद्दीवर, डोंगरात आमची पोस्टिंग झाली तेव्हा माझ्या नोकरीला दोन वर्षं आणि काही महिने झाले होते. मी सिपाही किसन, गाव इंझोरी. आज आम्ही वाशीम जिल्ह्यातले. तेव्हा हा जिल्हा वेगळा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. कंपनी खेचरांची. जिथे मोटारीचा रस्ता संपतो तिथून पुढे रेशन, दारूगोळा आणि पाणी खेचरांच्या पाठीवर चढवायचं आणि उतरताना जखमी आणायचे. लढाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. माझ्या डोळ्यांपुढे खेचराचं ढुंगण येतं. दोन वर्षं मी तेच बघत चाललो.

ही हकिकत मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडतो. सिपायानं रिपोर्ट देताना वेळ, जागा आणि माणसं नीट सांगावीत असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून जे मला नक्की ठाऊक आहे ते तसं सांगतो. जे नाही, ते नाही म्हणून सांगतो. त्यात कमी-जास्त करायला मी काही कीर्तनकार नाही.

सखाराम अनसिंगचा. वाशीमला भरतीच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. पोरवयात वखराच्या लोखंडी पाशीखाली गेलेली. डॉक्टरनं पाय दाखव म्हटल्यावर त्यानं उजवा पुढे केला, डॉक्टरनं पाच बोटं मोजली आणि छातीवर पासची खूण केली. बाहेर येऊन सखा मला म्हणाला, "सरकारले पाच बोटं पायजे होती, देल्ली. दुसऱ्या पायाचं त्यानं इचारलंच नाई." तेव्हापासून आम्ही बरोबर होतो. एक ट्रेनिंग, एक कंपनी, एक सेक्शन. बांधाही जवळपास सारखा, रंगही तोच. कंपनीतले पंजाबी लोक आम्हाला सख्खे भाऊ समजायचे आणि आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

त्याची बायको गिरजा. लग्नाला चार वर्षं झालेली. तिच्या हातांची कातडी फुटायची, बोटांना भेगा पडून रक्त यायचं. गावात लोक नाही नाही ते बोलत. सखाची आई मात्र म्हणे, "सुनेचे हात फुटले, नशीब नाई फुटलं," आणि पीठ स्वतः मळायची. हे सगळं सखा खेचराला खरारा करताना मला सांगायचा. मी ऐकायचो. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं आईशिवाय कुणी नव्हतं.

रोजचा दिवस ठरलेला. साडेचारला उठायचं. खेचरांना पाणी, मग दाणा, मग खरारा. सहाला लोडिंग. साडेसहाला वर निघायचं, दुपारी परत. पुन्हा पाणी, पुन्हा दाणा. त्या हिवाळ्यात मात्र सगळ्या कंपनीला खरूज झाली. माणसांना आणि जनावरांनाही. सात-सात दिवस अंगाला पाणी नाही, तोच शर्ट, तेच ब्लँकेट. ऑर्डर घेताना सावधान उभा असलेला माणूस मध्येच खाजवू लागे. कॅप्टन साहेबांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः मनगट खाजवताना दिसले आणि संध्याकाळी ऑर्डर निघाली. खालच्या दरीत गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी गंधकाचं आहे, एकेक सेक्शननं आळीपाळीनं तिथे बाथ परेडला जावं.

आमची पाळी आली. आठ माणसं आणि हवालदार रामरतन. हवालदार नवा होता. चारच दिवसांपूर्वी दुसऱ्या सेक्शनमधून आला होता आणि आम्हाला नावानं नीट ओळखत नव्हता. सकाळी आठ वाजता निघालो, साडेनऊला दरीत पोचलो.

असलं पाणी मी आधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या काठाला दगडांतून उकळतं पाणी वर येत होतं. खरंच उकळतं. बुडबुडे फुटत होते, वाफ निघत होती. वास सडक्या अंड्याचा. दगडांवर पांढरा-पिवळा थर बसलेला. हवालदारानं येतानाच तांदूळ फडक्यात बांधून आणला होता. ती पुरचुंडी त्यानं दोरीनं वरच्या कुंडात सोडली आणि पाऊण तासानं भात निघाला. मिठाशिवाय खारट. त्या कुंडात हात घालायची सोय नव्हती. त्याचं पाणी खाली वाहत जाऊन ओढ्याच्या गार पाण्यात मिसळायचं. तिथे छातीभर खोल डोह होता. आंघोळ तिथे करायची.

हवालदारानं ड्यूटी लिस्ट वाचली. डोहापासून दोनशे पावलांवर एक टेकाड होतं, तिथे सेन्ट्री. दहा ते साडेदहा सखाराम, साडेदहा ते अकरा किसन. पहिली पाळी सखानं मागून घेतली होती. करंगळी नसलेल्या पायाला बूट घासून त्याला मोठी जखम झाली होती आणि पाय पाण्यात घालायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं. सगळे नहाणार आणि हा पट्टी बांधून काठावर बसणार. त्यापेक्षा पाहरा बरा, असं तो म्हणाला.

दहाला दहा मिनिटं कमी असताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"किसन्या, माया नावाच्या बुड्या घेशीन का?"

वऱ्हाडाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुणी तीर्थाला निघालं की घरचे आणि शेजारचे म्हणतात, माझ्या नावाची एक बुडी घेजो. ज्याच्या नावाची बुडी, त्याच्या अंगावरचं काहीतरी आपल्या अंगावर पाहिजे. टोपी, करदोडा, काहीही. आधी देवाची बुडी, मग वडीलधाऱ्यांची, मग बाकीच्यांची. आपल्या नावाची सगळ्यांत शेवटी.

मी म्हटलं, "हे काय तीर्थ हाये का बे?"

"पानी आपोआप कढून राह्यलं. देव नाई, तं खाली कोन चूल पेटवून बसला?"

मी म्हटलं, "बरं. कोनाच्या कोनाच्या घ्याच्या?"

त्यानं बोटांवर मोजलं. "मायची. मंग बहिनीची. मंग गिरजीची, तिचीवाली नीट घे, दोन्ही हात पान्याखाली जाऊ दे. मंग राणीची."

राणी म्हणजे त्याची खेचर.

"खेचराच्या नावाची बुडी घेऊ?"

"काहून? तिले खरूज नाई?"

"अन् तुयी?"

"मायी शेवटी."

आता अंगावरचं काय द्यायचं? टोपी पाहऱ्यावर लागणार होती. करदोडा तुटून महिना झाला होता. त्यानं गळ्यातला बिल्ला काढला. सिपायाच्या गळ्यात दोरीला ओवलेला बिल्ला असतो, त्यावर नंबर आणि नाव. मेल्यावर ओळख पटावी म्हणून. सखा म्हणाला, "याच्यावर तं नावच लिवलं हाये. याच्याहून चांगलं काय?" त्यानं तो माझ्या गळ्यात घातला. मग त्याच्या लक्षात आलं की उघड्या गळ्यानं पाहऱ्यावर दिसला तर नवा हवालदार बोलेल. म्हणून त्यानं माझा बिल्ला मागितला आणि स्वतःच्या गळ्यात अडकवला. आंघोळीनंतर परत घ्यायचा. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

तो लंगडत टेकाडावर गेला. मी पाण्यात उतरलो.

ते पाणी चांगलं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. इतक्या दिवसांची खाज, थंडी, खांद्यांचं दुखणं, सगळं सैल पडलं. वाफेत पाच पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. नुसते हसण्या-खाकरण्याचे आवाज ऐकू येत होते. हवालदारानं घड्याळ वाफेनं बिघडू नये म्हणून काढून बॅगेत ठेवलं होतं. मी थोडा वेळ नुसताच बसलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. इथूनच माझा रिपोर्ट कच्चा होतो.

मग बुड्या सुरू केल्या. देवाची. माझ्या आईची. सखाच्या आईची. बहिणीची. गिरजाची घेताना दोन्ही हात खाली दाबून धरले, सांगितलं तसं. राणीची घेताना हसू आलं आणि नाकात पाणी गेलं, ठसका लागला.

टेकाडावरून सखाचा आवाज आला. "किसन्या, टाइम झाला ना बे!"

मी ओरडलो, "एकच राह्यली! तुयी!"

तो मग म्हणाला, "घे मंग. तेवढी घेऊनच ये."

हे त्याचे शेवटचे शब्द. मी छातीभर पाण्यात उभा राहिलो, नाक धरलं, "सखाराम, अनसिंग" असं म्हटलं. इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं. पुढे डोकं पाण्याखाली गेलं की नाही, ते आठवत नाही. एक आवाज झाला, किंवा आवाजाच्या आधीच धक्का बसला. मग दुसरा. मग सगळं पांढरं.

नंतर मला सांगितलं ते असं. समोरच्या डोंगरावर जपान्यांची मॉर्टर होती, कुणाला पत्ता नव्हता. पहिला बॉम्ब टेकाडावर पडला. दुसरा वरच्या कुंडापाशी. कुंडाचा काठ फुटला आणि उकळतं पाणी डोहात आलं. मी सगळ्यांत वरच्या बाजूला होतो. चेहरा, मान आणि दोन्ही हात भाजले, दोन्ही कानांतून रक्त आलं. बाकीचे ओढ्यानं खाली पळाले म्हणून बचावले. हवालदाराच्या रिपोर्टात वेळ दहा वाजून अडतीस मिनिटं अशी आहे. त्यानं घड्याळ बॅगेतून कधी काढलं, देव जाणे.

म्हणजे साडेदहानंतरची आठ मिनिटं सखा माझ्या पाळीवर उभा होता.

टेकाडावर जे उरलं होतं त्याचा चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. हवालदारानं बिल्ला वाचला, किसन, इंझोरी. लिस्ट काढली. साडेदहा ते अकरा, किसन. दोन्ही जुळलं. मला स्ट्रेचरवर घातलं, बिल्ला वाचला. सखाराम. सेक्शनमधले दोघं म्हणे कुजबुजले की काहीतरी चुकतंय. पण कागद आणि बिल्ला एकच बोलत असतील तर सिपायाची शंका कोण ऐकतो? आणि घाई होती. धूर दिसेल म्हणून जाळता आलं नाही. टेकाडाच्या मागे पुरलं, वर दगड रचले, पेटीच्या फळीवर माझं नाव लिहून ती रोवली. कुणी डाव्या पायाचा बूट काढला असता तर चूक तिथेच कळली असती. पण मेलेल्याचे बूट कोण काढतो?

मला शुद्ध आली ती आसामात, बेस हॉस्पिटलात. डोळ्यांवर पट्टी, हातांना पट्ट्या, उजवा कान कायमचा गेलेला, डाव्यात रेल्वेचं इंजिन उभं असावं तसा आवाज. लोक येऊन काहीतरी म्हणायचे, मी मान हलवायचो. सखाराम, सखाराम असं मधूनमधून ऐकू यायचं. मला वाटायचं, तो पलीकडच्या खाटेवर आहे. बरं वाटायचं.

किती दिवस असे गेले, ठाऊक नाही. मग एका दुपारी वॉर्डातला नागपूरकडचा कंपाउंडर खाटेशी बसला आणि माझ्या डाव्या कानाला तोंड लावून म्हणाला, "घरची चिठ्ठी आली आहे. वाचू?"

चिठ्ठी गिरजाची होती. शाळेच्या मास्तरांकडून लिहवलेली, आणि भल्या मास्तरांनी ती बोलली तशीच लिहिली होती. ती मला पाठ आहे. त्यातली बुढी म्हणजे तिची सासू.

"तुमी जखमी झाले अशी तार आली. जखमी म्हंजे जित्ते, असं मास्तर म्हंतात. म्या साखर वाटली. तुमचे इंझोरीचे किसनभाऊ गेले म्हून कळलं. बुढी अन् मी त्याहिच्या मायले भेटाले गेलो. त्याहिची माय काई खात नाई. तिच्यासंगं लई रडलो. तिनं दहाव्याले नदीवर पानी सोडलं, तवा मी तिले धरून होती. तुमचं तोंड भाजलं म्हंतात. तोंडाची फिकर करू नका. कसंबी असो, या."

मी कंपाउंडरला म्हटलं, "ही माझी नाही. सखारामला द्या. तो कुठे आहे?"

तो म्हणाला, "अहो, सखाराम तुम्हीच."

मी म्हटलं, मी किसन. तो म्हणाला, "किसन वारले. चिठ्ठीत आहे ना." मी पट्टी बांधलेला हात गळ्याकडे नेला. बिल्ला लागला. त्याला वाचायला सांगितला. त्यानं वाचला.

तेव्हा मला सगळं समजलं, आणि त्याच क्षणी काहीच समजेना. मी मेलो होतो आणि माझी आई जेवत नव्हती. सखा जिवंत होता आणि त्याच्या घरी साखर वाटली होती. सखा मेला, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी बोललो की तो मरणार होता. नाही बोललो तर माझी आई अन्नपाण्यावाचून मरणार होती. मरण एकच होतं. ते दोन घरांपैकी कुठल्या घरात ठेवायचं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी खूप रडलो. पट्टीखाली खाऱ्या पाण्यानं जखमा झोंबल्या.

त्या दुपारी मी गप्प राहिलो. संध्याकाळी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डॉक्टर साहेब राउंडला आले तेव्हा बोललो. सोळा-सतरा तास सखा माझ्यामुळे जास्त जगला, आणि तेवढे तास माझी आई जास्त उपाशी राहिली. हे बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही.

बोलून लगेच काही झालंही नाही. डॉक्टर साहेबांनी माझा खांदा थोपटला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं म्हणून कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "पेशंट गोंधळलेला आहे." ते काही खोटं नव्हतं. कधीकधी मलाही वाटायचं, की मी सखाच असेन आणि किसन टेकाडावर गेला असेल. लिस्ट तसंच म्हणत होती. मग मी पायाची बोटं हलवून मोजायचो. दहा भरायची.

अंगठ्याचे ठसे मागवले, ते जुळायला तीन आठवडे गेले. तोवर माझ्या नावानं घरी चिठ्ठी पाठवायला परवानगी नव्हती. एका साहेबांनी येऊन सांगितलं, रेकॉर्ड दुरुस्त झालं, दोन्ही घरी कळवण्यात येईल. मला सहा आठवड्यांची सिक लीव्ह मिळाली. सखाची किट बॅग माझ्या नावावर, म्हणजे त्याच्या नावावर, हॉस्पिटलात आलीच होती. ती घरी पोचवण्याची परवानगी मी मागून घेतली.

वाशीम स्टेशनावर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कळवण्यात आलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. आधी कुठे जायचं? पाय इंझोरीकडे ओढत होते. पण माझ्या आईला मिळायचं होतं ते सुख होतं. सुखाला एक दिवस उशीर झाला तर चालतो. मी अनसिंगची वाट धरली. एक बैलगाडी मिळाली. गाडीवाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बॅगेवरचं नाव वाचता येईना म्हणून विचारलं, "कोनाचे?" मी म्हटलं, "सखारामच्या घरी जायचं आहे." त्यानं मला सखारामच समजून घेतलं असावं, कारण गावाच्या शिवेवर उतरून तो आधी पळत गेला.

त्यामुळे मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काही कळवलेलं नव्हतं. एका नजरेत समजलं.

सखाची आई पुढे आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिनं हातांनी माझं तोंड चाचपलं, भाजलेली कातडी हाताला लागली तशी "आला वं माया सखा" म्हणत मला छातीशी धरलं. मी सावधान उभा राहिलो. लढाईत मला भीती वाटली होती, पण असली नाही. तोंड उघडेना.

गिरजा तांब्या घेऊन बाहेर आली. बोटांना फडकी गुंडाळलेली, त्यावरून मी ओळखलं. बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं म्हणून ती वाकली. पदरामुळे तिनं माझं तोंड नीट पाहिलंही नव्हतं. मी बूट काढले. तिनं उजव्या पायावर पाणी घातलं. मग डाव्या पायावर घातलं.

डाव्या पायावर ती घालतच राहिली. तांब्या रिकामा झाला तरी तो तिनं तसाच तिरपा धरला होता.

मग खालच्या आवाजात, वर न बघता म्हणाली, "किसनभाऊ?"

मी म्हटलं, "हो."

"ते?"

मी सखाची किट बॅग तिच्यापुढे ठेवली. ती उठली. लोकांना म्हणाली, "थकून आले ते. जा आता घरी." लोक गेले. सासूला तिनं धरून आत नेलं, बसवलं. परत येऊन ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "सांगा."

मी सगळं सांगितलं. बिल्ला, बुड्या, आठ मिनिटं. रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं सांगता आलं नसतं. शेवटी म्हटलं, "पाळी माझी होती, वैनी. मी वेळेवर निघालो असतो तर त्या फळीवरचं नाव खरं झालं असतं." मला वाटलं होतं ती मला घालवून देईल. घालवून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिनं बराच वेळ आपल्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "मायी बुडी झाली?"

"झाली. दोन्ही हात खाली धरले होते."

"अन् त्याहिची?"

हाच तो प्रश्न. इथेच मी दर वेळी अडतो. म्हटलं, "नाव घेतलं. नाक धरलं. पुढचं ठाऊक नाई."

"मंग राह्यली समजा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुमच्या मायनं दहाव्याले पानी सोडलं. मी तिथंच होती. तुमचं नाव घेऊन सोडलं. तुमी तं जित्ते हा. मंग ते पानी कोनाले पोचलं असन?"

उत्तर तिनंच दिलं.

"तथी तुमच्या नावाखाली ते निजले हायेत. त्याहिलेच पोचलं." ती उठली. "बुढीले मी सांगीन. आज नाई. आज तिले जेवू द्या. तुमीबी जेवून घ्या."

मी जेवलो. सखाच्या पाटावर बसून जेवलो, आणि त्याची आई समोर बसून माझ्या पानात वाढायला सांगत होती. पहाटे गिरजानं मला मागच्या दारानं वाटेला लावून दिलं. तिनं फक्त बिल्ला मागितला. "त्याहिचं नाव मले द्या, भाऊजी. तुमचं तुमी घ्या." मी तो गळ्यातून काढून तिच्या हातावर ठेवला.

इंझोरीला काय झालं ते थोडक्यात. आईनं मला पाहिलं आणि ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर आधी जेवली. गावच्या जाणत्यांनी दोन तास वाद घातला, की ज्याचं दहावं झालं त्याला पुढच्या दारानं घ्यावं की मागच्या. आईनं कुणालाही न विचारता मला पुढच्या दारानं घेतलं. सरकारी पत्र दोन्ही घरी मी परत नोकरीवर गेल्यावर आलं.

गिरजानं दुसरं घर केलं नाही. सासूला शेवटपर्यंत सांभाळलं. तिचे हात बरे झाले का, असं लोक विचारतात. थंडीत फुटायचे, उन्हाळ्यात बरे व्हायचे. तिनं बिल्ला देवघरात ठेवला होता.

त्या टेकाडावरची फळी बदलली का, हे मी दोन अर्ज करून विचारलं. रेकॉर्ड दुरुस्त आहे, असं उत्तर आलं. फळीचं कुणी काही सांगितलं नाही. लाकूड आहे, आजपर्यंत कुजलंही असेल. पण माझ्या मनात ती अजून तिथे उभी आहे, माझं नाव घेऊन, आणि खाली चार बोटांचा डावा पाय घेऊन सखा.

आता माझं वय झालं. माझ्यामागे पोरं पाणी सोडतील तेव्हा काय करायचं, ते मी सांगून ठेवलं आहे. आधी म्हणायचं, सखाराम, अनसिंग. ते नीट म्हणायचं, घाई करायची नाही. माझं त्यानंतर. आपलं नाव शेवटी घ्यायचं असतं.